पुठ्ठ्याच्या घराबाहेरचा तांब्या

ओल्या रंगाचा वास आला की नॉटिंगहॅममधला चर्चचा तो हॉल आठवतो, जिथं मराठी मंडळाच्या नाटकासाठी आम्ही पुठ्ठ्याचं घर रंगवलं होतं. गावी परतलेल्या म्हाताऱ्याचं काम करणारे रिटायर्ड डॉक्टर आपली वाक्यं प्रिस्क्रिप्शन वाचल्यासारखी म्हणायचे. "अहो डॉक्टर, स्वतःच्या घरात आल्यासारखे या ना!" दिग्दर्शिका वैतागली. शेवटी मी दाराबाहेर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला. डॉक्टर आले, थबकले, बूटमोजे काढून त्यांनी खरोखरच पाय धुतले आणि नाटकात नसलेली हाक मारली, "आई, आलो गं." हॉलच्या लाकडी जमिनीवर पाणी पसरलं, पण पुसायला कुणी उठलं नाही. हल्ली कामावरून आलो की मीही दाराशी बूट काढतो. हाक ओठांवर येते, आणि आत नुसता घर गरम ठेवणारा बॉयलर गुरगुरत असतो.