भरती रत्नागिरीची, खाडी दुबईची

आमच्या गोऱ्या साहेबाला ट्राउट या नदीतल्या माशाचं वेड. त्याच्या गावी नदीला पाणी किती, वारा कसा, मासा वर येतोय का, हे दर आठवड्याला पेपरात छापून यायचं म्हणे. दुबईच्या खाडीत ट्राउट कुठून असणार? पण साहेब पिसांची खोटी माशी गळाला बांधून बोय मासा पकडायला जायचा, आणि दर गुरुवारी त्याला तसाच रिपोर्ट टाइप करून हवा असायचा. ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मुलाखतीत मी फुशारकी मारली होती की मी रत्नागिरीचा, मला पाणी कळतं.

खरं सांगायचं तर मी जन्मात एक मासा धरला नव्हता. अब्बांचं कापडाचं दुकान. भरतीचा हिशेब तेवढा मामूंनी शिकवलेला: चांदाच्या तारखेची पाऊणपट करायची, की भरतीचा तास निघतो. नोकरी कच्ची होती, साठ सालानंतरचे ते दिवस, आणि पक्की करणं याच साहेबाच्या हातात. त्या गुरुवारी लिहायला बसलो. शुक्रवारी चांदाची बारा, म्हणजे भरती नऊ वाजता. खाडी खिडकीतून दिसत होती, पण मान वर करून तिच्याकडे बघायचं मला सुचलं नाही.

शुक्रवारी नऊ वाजता साहेब एका पाहुण्याला घेऊन गेला आणि त्यांची होडी चिखलात रुतली. दोघं गुडघाभर चिखलातून चालत काठाला आले. हे मला होडीवाल्याने सांगितलं. पिकलेल्या दाढीचा बलुची होता तो. मी त्याला माझा हिशेब समजावला, तर म्हणाला, "बाबू, ये पानी तेरे गाँव का नहीं है." इथल्या भरतीची वेळ वेगळी, आणि दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या नसतात. मला स्वतःचाच राग आला. एवढी साधी गोष्ट, आणि ती विचारायला मला कमीपणा वाटला होता.

शनिवारी साहेबाने बोलावलं. दोष वाऱ्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं, तशी वाक्यं पाठही केली होती. पण समोर गेल्यावर तोंडून निघालं, "सर, टाइम करेक्ट होता. पण रत्नागिरीचा."

साहेब हसला नाही. त्याने ड्रॉवरमधून पेपरातली कात्रणं काढली. त्याचा भाऊ दर महिन्याला पाठवायचा, त्यांच्या नदीचे रिपोर्ट. हातात पडेपर्यंत ते पाणी समुद्राला मिळालेलं असे, तरी तो सगळे वाचायचा. मग म्हणाला, रिपोर्टात यापुढे दोन ओळी टाक, वर इथली खाडी आणि खाली तुझी.

ऑफिसखालच्या चिखलात मी एक काठी रोवली, तिच्यावर खुणा केल्या आणि रोज पाणी बघू लागलो. तीन महिन्यांनी पर्मनंटचं पत्र मिळालं. साहेब बदलून गेला, तरी दर गुरुवारी दोन ओळी लिहायची सवय राहिली. वरच्या ओळीसाठी खाली उतरून काठी बघावी लागे. खालची तोंडपाठ यायची, आणि तीच लिहिताना मी मान वर करून खिडकीबाहेर बघत राहायचो.