होकायंत्र ह्यांच्या हातात दिलं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बायांनो, मधेच हसलात तर माझ्याच्यानं पुढचं सांगवणार नाही. माती खाल्ली मी! आणि एकटीनं गुपचूप खाल्ली असती तर गोष्ट वेगळी. अख्ख्या गावासमोर खाल्ली.

मी भूगोल शिकवायचे, हे तुम्हाला माहीत आहेच. अर्ध्या नागपूरला पूर्व-पश्चिम मीच दाखवली असेल. रिटायर झाल्यावर म्हटलं, गुडघे शाबूत आहेत तोवर हिंडून घ्यावं. म्हणून रविवारच्या भटकंतीच्या ग्रुपमध्ये नाव घातलं. पल्लवी नावाची एक मुलगी तो ग्रुप चालवते. शहराबाहेर शेतशिवारातून फिरवून आणते. या हिवाळ्यात तिनं नवीनच काढलं. नकाशा आणि होकायंत्र घेऊन आपली वाट आपण शोधायची. बाप्पा, मला काय आनंद झाला! जन्मभर फळ्यावर काढलेली उत्तर दिशा आता पायाखाली येणार होती.

तेवढ्यात आमचे हे म्हणाले, "मी पण येतो."

का म्हणाले असतील? निसर्गप्रेम? छे! मी गेल्यावर चहा कोण करणार?

पहिला सराव शहरातल्याच एका बगिच्यात झाला. ठरलेल्या झाडांपाशी होकायंत्र लावून पोचायचं होतं. मी सगळ्यांच्या आधी पोचले. पल्लवीनं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनाही वाजवायला लावल्या. हे तेव्हा कारंज्यापाशी उभे राहून माळ्याला रस्ता विचारत होते.

टाळ्यांचा हिशेब घरी चुकता झाला. त्या दिवशीपासून ह्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. जेवायला बसले की म्हणायचे, "मीठ कमी आहे." पण माझ्याशी नाही, वाटीशी!

म्हणून दुसऱ्या रविवारी मी मनाशी ठरवलं. आज ह्यांना जिंकू द्यायचं. आपलं काय जातं?

काय जातं ते आता ऐका.

बस मौद्याच्या अलीकडे एका देवळापाशी थांबली. धान कापून झालेलं, बांध्या म्हणजे धानाची खाचरं, ती कोरडी पडलेली, मधूनमधून तूर उभी. पल्लवीनं जोड्या पाडल्या. नवरा-बायको एकत्र. (इथंच तिचं चुकलं, पण तिचं लग्न व्हायचंय अजून.) देवळापासून सरळ उत्तरेला चालत जायचं, एका बोडीच्या पाळीवर पोचायचं. बोडी म्हणजे आपला छोटा तलाव. तिथं सगळ्यांचा नाश्ता.

पल्लवीनं नकाशा आणि होकायंत्र माझ्या हातात दिलं आणि मी ते ह्यांच्या हातात दिलं. गोड आवाजात म्हटलं, "तुम्हीच बघा, तुम्हाला जास्त कळतं."

आठवड्यानंतर हे पहिल्यांदा हसले!

आता होकायंत्राची सुई असते ना, तिचं लाल टोक उत्तर दाखवतं. ह्यांनी पांढरं टोक धरलं. म्हणजे जायचं उत्तरेला आणि आम्ही निघालो ठार दक्षिणेला. मला पहिल्याच पावलाला कळलं. सकाळचा सूर्य उजव्या हाताला हवा, तो डाव्या गालावर. दक्षिणेकडची वीजकेंद्राची चिमणी पाठीमागे हवी, ती नाकासमोर!

मी एकदा बोलले हो, अगदीच मुकी नव्हते. "अहो, ही चिमणी मागे नको का?"

"तू चुप बैस वं. सिंचन खात्यात जिंदगी गेली माझी."

गेली, बरोबर आहे. पण स्टोअरमध्ये गेली. पाइप मोजण्यात! कालवा ह्यांनी सहलीला पाहिला असेल तेवढाच.

मी चुप बसले. चुप बसायची सवय असली की पाय चालत राहतात बरं का. शेतांच्या धुऱ्यांवरून, काट्याकुट्यांतून चालतोय, चिमणी मोठी मोठी होतेय, आणि मी वर म्हणतेय, "बरोबर चाललंय नाही?"

शेवटी ह्यांनाही शंका आली असावी, कारण एका तुरीच्या वावरात थांबून ह्यांनी नकाशा पसरला. होकायंत्र डोळ्यांसमोर धरलं, एक डोळा मिटला, आणि बोट लांब करून मला म्हणाले, "तू त्या आंब्यापाशी जाऊन उभी राह्य. मी लाइन पाहतो."

मी गेले आणि उभी राहिले. हात वर करून!

शेंगा तोडणाऱ्या एका बाईनं आमच्याकडे पाहिलं आणि ती जी ओरडली, "आले वो! मोजणीवाले आले!"

त्या गावाजवळून नवीन रस्ता जायचा होता, कोणाचं वावर जाणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि सगळं गाव त्या धास्तीत होतं. हे आम्हाला कुठून माहीत असणार? बघता बघता माणसं जमली. कोणी खुर्ची आणली, कोणी पाणी. एका म्हाताऱ्या बाबांनी हात जोडले. "साहेब, बसा न. कोन्याच्या वावरातून जाऊन राह्यला रस्ता?"

आता एक वाक्य बोलायचं होतं. 'आम्ही मोजणीवाले नाही, वाट चुकलोय.' संपलं!

पण साहेब! हा शब्द ह्यांच्या कानात शिरला आणि थेट कण्यात गेला. माणूस माझ्यासमोर दोन बोटं उंच झाला. सगळी नोकरी दुसऱ्यांना साहेब म्हणण्यात गेली होती ना. खुर्चीत बसले, पायावर पाय टाकला आणि म्हणाले, "नकाशा पाहावा लागेल."

नकाशावर एक तुटक रेघ होती. पायवाट होती ती, शेळ्या जाव्यात अशी. एका माणसानं तिच्यावर बोट ठेवलं. "हाच काय रस्ता?"

"असंच काहीतरी जाईल," हे म्हणाले.

झालं! दोन भावांची वावरं शेजारी शेजारी होती. रेघ थोरल्याच्या वावरातून गेली. थोरला भडकला, "याचंच काहून नाही जात? यानंच कोनाले तरी फोन लावला असन!" धाकटा म्हणाला, "मी काहून लावू? तुह्या नशिबात हाय ते!" दोघं एकमेकांच्या अंगावर. आणि आमच्या ह्यांनी काय करावं? हात वर करून म्हणाले, "शांत राहा. थोडी सरकवू." आणि बोटानं रस्ता धाकट्याच्या वावरात सरकवला!

आता धाकट्यानं दगड उचलला.

मी मागे उभी होते. आंब्यापासून हलले होते तेवढंच. तेवढ्यात ती शेंगा तोडणारी बाई माझ्याजवळ आली. विमलबाई नाव तिचं. वय माझ्याएवढंच असेल. हळूच म्हणाली, "बाई, मानसाईचं जाऊ द्या. तुमी सांगा मले. माही विहीर वाचते का जाते? मालकाच्या मागं मी एकटीनं खोदली जी ते. पोरं म्हनत होते, पानी नाही लागत. लागलं."

आता तरी बोलायचं की नाही? तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. पण नजर ह्यांच्याकडे गेली. खुर्चीत बसले होते, चेहरा असा उजळलेला की आमच्या लग्नाच्या फोटोतही नाही. म्हटलं, आत्ता बोलले तर पुढचा महिनाभर वाटीशीच बोलतील.

मी म्हटलं, "वाचेल हो, विहीर वाचेल."

विमलबाईंनी माझा हात धरला. मग ओटीतल्या सगळ्या शेंगा एका पिशवीत भरून माझ्या हातात दिल्या. नको म्हटलं तर म्हणाल्या, "घ्या वं माय. तुमी पयल्या मानूस, ज्यानं सिद्धं सांगितलं."

त्या शेंगा हातात घेऊन मी उभी होते आणि धुऱ्यावरून पल्लवी पळत आली. मागून अर्धा ग्रुप.

"काका! काकू! इकडे काय करून राहिले तुम्ही? बोडी तर तिकडे, पार उलटीकडे! आम्ही किती शोधलं!"

 बाबांनी विचारलं, "हे मोजणीवाले नाही काय?"

"नाही हो आजोबा, हे शिकायला आले आहेत. रस्ता चुकले."

बाबांनी ह्यांच्याकडे पाहिलं. मग नकाशाकडे. मग गावाकडे वळून म्हणाले, "घ्या! ज्याले सवताचा रस्ता घावत नाही, तो आपल्या वावरातून रस्ता काढून राह्यला होता."

कोणी हसलं नाही हो. हसले असते तर बरं झालं असतं. धाकट्यानं दगड खाली टाकला, थोरल्यानं ह्यांच्या खालची खुर्ची ओढून घेतली, आणि हे उभे राहून काय म्हणाले, माहीत आहे?

"हिनं चुकवलं. ही भूगोलाची मास्तरीण! मी आपला हिच्या भरवशावर."

सगळं गाव माझ्याकडे पाहायला लागलं. विमलबाईंनी एवढंच विचारलं, "खरं हाय काय बाई?"

होकायंत्र अजून ह्यांच्या मुठीत होतं. सगळ्यांना दिसत होतं. मी म्हटलं, "हो. माझंच चुकलं."

विमलबाईंनी माझ्या हातातून पिशवी घेतली, शेंगा परत ओटीत ओतल्या, रिकामी पिशवी नीट घडी करून कमरेला खोचली आणि तुरीत शिरल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं मला.

येताना बसमध्ये हे पुढे बसून सगळ्यांना किस्सा रंगवून सांगत होते. "हिच्या नादी लागलो अन्..." हशा पिकत होता. मी मागच्या सीटवर नाश्त्याचे थंड पोहे खात होते. पल्लवी येऊन शेजारी बसली.

"काकू," ती हळू आवाजात म्हणाली, "काकांनी पांढरं टोक धरलं होतं ना? मी देवळापासूनच पाहिलं होतं. मला वाटलं, तुम्ही सांगाल."

मी पोहे चावत राहिले.

"ग्रुपमध्ये सगळ्यात छान वाचता तुम्ही नकाशा. मला मदतीला कोणी तरी हवंय, नवीन लोकांना शिकवायला. पुढच्या रविवारी एकट्या या. याल ना?"

इतक्या वर्षांनी कोणी तरी मला, मला एकटीला, कुठेतरी बोलावत होतं.  मी घास गिळला, पदरानं तोंड पुसलं, आणि काय म्हटलं असेन मी?

म्हटलं, "ह्यांना विचारून सांगते."