चौदा नंबरचं स्थळ

मी आयुष्यात हरीण दोनदाच पाहिलं होतं, दोन्ही वेळा कुंपणाआड, आणि दोन्ही वेळा त्याने माझ्याकडे पाठ केली होती. त्यामुळे माझ्या साहेबाने जेव्हा मला हरणांचे तीनशे फोटो आणून दिले आणि "ह्यांची वयं लाव" म्हणाला, तेव्हा मला आधी वाटलं, ह्याला ऊन लागलं.

ही दोन हजार सहा-सातची गोष्ट. मी सिंगापूरला, तुआसच्या एका कारखान्यात डॉक्युमेंट कंट्रोल बघायचे. जहाजांच्या पंपांची हजारो ड्रॉइंग्ज, प्रत्येकाला नंबर, प्रत्येक बदलाची नोंद. एक नोंद चुकली की तिकडे यार्डात भलताच पंप बसतो. त्यामुळे मी नोंदीच्या बाबतीत फार खडूस होते, आणि मला त्याचा अभिमानही होता. साहेब अमेरिकन, मक्याच्या शेतांच्या मुलखातला, देहाने रेडा आणि आवाजाने मांजर. नोव्हेंबरमध्ये तो आठवडाभर रजा काढून गावी जायचा आणि धनुष्यबाण घेऊन झाडावर बसायचा. हो, झाडावर! सहा फूट तीन इंचांचा माणूस!

तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं असतात. परवान्यावर वर्षाला एकच नर मारता येतो, आणि तो पाच वर्षांच्या पुढचा, पोक्त असावा, असा साहेबाचा आणि त्याच्या भावाचा बाणा. गेली दोन वर्षं साहेबाने मोठी शिंगं बघून बाण सोडला आणि नंतर दात तपासल्यावर हरीण कोवळं निघालं. भाऊ वर्षभर हसला. म्हणून यंदा भावाने रानात झाडांना कॅमेरे बांधले होते. समोर काही हललं की आपोआप फोटो निघायचा. ते सगळे फोटो आता माझ्या टेबलावर होते. "तू इतकी ड्रॉइंग्ज ओळखतेस, हे काय अवघड आहे तुला?" साहेब म्हणाला. सोबत वय कसं ओळखायचं ह्याचा एक कागद दिला.

ऑफिसात सगळे खी खी करायला लागले, म्हणून मी फोटो घरी वुडलँड्सला नेले आणि शनिवारी जेवणाच्या टेबलावर पसरले. शेजारी सासूबाई मटार सोलत होत्या. त्या पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. पुण्यात त्यांनी बावीस वर्षं विवाह मंडळ चालवलं. फोटोवरून मुलाचं वय सांगण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पत्रिकेत एकोणतीस लिहिलेलं असायचं, सासूबाई मानेकडे बघून म्हणायच्या, "छत्तीस. वर टोप आहे."

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"हरीण आहे, आई."

"ते दिसतंय मला, आंधळी नाहीये. वय काय ह्याचं?"

"तेच तर कळत नाहीये! साहेबाला ह्यातला एक चांगला पोक्त नर निवडायचाय."

झालं. मटार बाजूला गेले. आईंनी पदराला हात पुसले, एक फोटो ओढला आणि अंगठ्याने आधी शिंगं झाकली. "शिंगं बघायचीच नाहीत. फेटा बघून मुलगा पसंत करतात का कधी? मान बघ. काडी आहे नुसती. पाय लांब. दीड वर्षाचा, मिसरूड फुटलीय आत्ता." दुसरा फोटो. "हा तीनचा. छाती भरलीय, पोट आत. जिमला जात असेल." तिसऱ्यावर त्या थांबल्या. "हा बघ. मान कुठे संपते नि छाती कुठे सुरू होते, पत्ता नाही. पोट सुटलंय, म्हणून पाय आखूड वाटतात. पाठीला बाक. पाच पूर्ण." मग सोफ्यावर पेपर वाचणाऱ्या माझ्या नवऱ्याकडे नजर टाकून म्हणाल्या, "हा नमुना आपल्याकडेही आहे." नवऱ्याने पोट आत घेतलं.

मी साहेबाचा कागद वाचून बघितला. अहो, अक्षरशः हेच लिहिलं होतं, फक्त जिम सोडून!

चार शनिवार आमच्या घरी हाच कार्यक्रम. कानाची चीर, नाकावरचा डाग बघून आई एकच हरीण दहा फोटोंत ओळखायच्या. मी प्रत्येकाला नंबर देऊन एक्सेलमध्ये नोंद करायचे, शेऱ्यांसकट. सात नंबर: भांडकुदळ. अकरा नंबर: खोकला असावा. आणि चौदा नंबर! पहिल्या दिवशीचा तो पाच पूर्ण, डाव्या कानाला चीर, नोंदीत साडेपाच वर्षं. ह्या चौदावर आई भाळल्या. "बघ गं, माद्यांना आधी खाऊ देतो, मग स्वतः तोंड घालतो. घाई नाही, गुरगुर नाही. बावीस वर्षांत असं स्थळ माझ्याकडे आलं नाही." त्याचा फोटो फ्रिजवर लागला.

साहेबाने यादी भावाला पाठवली. भावाने सगळी वयं कबूल केली. साहेब इतका खूष झाला की चौदाचा फोटो त्याने ऑफिसच्या बोर्डावर लावला आणि मला म्हणाला, "तुझी सासू म्हणजे जादू आहे." मी घरी येऊन सांगितलं. आई दोन दिवस जमिनीवरून चालत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी माझ्या सात वर्षांच्या मुलीने घात केला. फ्रिजमधून दूध काढता काढता म्हणाली, "आजी, युवर फेव्हरेट वन, अंकल विल शूट हिम, लाह. विथ अ‍ॅरो."

आईंना इंग्रजी बोलता येत नाही, कळतं मात्र सगळं. कढईत तेल तापलेलं ठेवून त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"मारणार?"

"आई, शिकार आहे ती. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"निवडायचाय म्हणालीस तू! मला वाटलं, साहेबाचा कळप असेल, चांगला नर वंशाला ठेवायचा असेल. मी जीव ओतून निवडला गं त्याला! आधी सांगायचं नाही? तो सात नंबरचा नालायक नसता का पुढे केला मी?"

चूक माझीच होती. पण मी कबूल करीन तर शपथ. मी म्हटलं, "त्याची नोंद झालीय आता."

"मग खोड. तीन लिही. कोवळा आहे म्हटलं की सोडेल तो."

"खोटी नोंद मी करणार नाही."

"बरं," आई म्हणाल्या, आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. चार दिवस सगळे निरोप मुलीमार्फत. "आजी सेज युवर भाजी इज ओव्हर देअर." भाजीत मीठ नव्हतं. वर फ्रिज उघडायला जावं तर चौदा नंबर माझ्याकडे टकामका बघतोय. मला इतका राग आला! आईंचा, साहेबाचा, त्या हरणाचाही. मेल्या, कॅमेऱ्यासमोर कडमडायला सांगितलं होतं कुणी?

पाचव्या दिवशी, साहेब निघायच्या आदल्या दुपारी, मी फाईल उघडली आणि साडेपाचचे साडेतीन केले. शेरा लिहिला: फेरतपासणी, वाढू द्यावा. नोकरीतली माझी पहिली खोटी नोंद.

साहेबाचा चेहरा पडला. "नक्की?"

"आई म्हणतात," मी म्हटलं. निदान हे तरी खरं होतं.

साहेब आठवड्याने परत आला तो नाक सोललेला आणि हात हलवत. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाला, "पाचव्या दिवशी सकाळी चौदा नंबर आला. माझ्यापासून पंधरा पावलांवर. धनुष्य ताणलेलं होतं. मान, पोट, पाठ, सगळं पाचच्या पुढचं दिसत होतं. पण दोन वर्षं स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून तोंडावर पडलोय. म्हटलं, तुझ्या सासूवर ठेवू. सोडून दिला." मग कसनुसं हसला. "भावाने त्याला दुसऱ्या दिवशी जवळून पाहिला. साडेपाच तरी असेल म्हणतो. पण तिला बोलू नकोस काही. वय झालं की होतं असं."

बाई गं! मला तिथेच रडू फुटायचं. आठ दिवस थंडीत झाडावर काकडलेला तो माणूस, आणि वर माझ्याच सासूची काळजी करतोय! कबूल करायला मी तोंड उघडलंही. पण काचेपलीकडच्या बोर्डावरून तो चिरलेल्या कानाचा बघत होता. मी तोंड मिटलं.

घरी सांगितल्यावर आईंनी आधी देवापुढे साखर ठेवली. मग परत आल्या. "थांब. म्हणजे माझं चुकलं, असं म्हणाला तो?"

"हो."

"माझं?" त्या खुर्चीत बसल्या. "अगं, माझ्या एका शब्दावर लोकांनी मुली दिल्यात. पहिल्या दिवशी पाच पूर्ण म्हटलं होतं मी! सांग त्याला. उद्याच सांग."

"सांगते. मग पुढच्या वर्षी तो त्याला मारेल."

आई उठल्या, फ्रिजवरच्या फोटोचा सुटलेला कोपरा त्यांनी दाबून बसवला. मग म्हणाल्या, "मोतीबिंदू झालाय म्हणावं म्हातारीला." स्वतःला म्हातारी म्हणताना त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि मला त्यांची फार माया आली.

निरोप ऐकून साहेब हळहळला. त्याने काय करावं? नोव्हेनाच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आईंची वेळच घेऊन टाकली, आणि नाही म्हणायची सोय ठेवली नाही. आम्ही दोघी गुपचूप एमआरटीच्या ट्रेनने गेलो. डॉक्टरीणबाई चिनी, स्वभावाने गोड. त्यांनी थेंब घातले, दिवे मारले, अक्षरं दाखवली, मग मागे टेकून म्हणाल्या, "एकाहत्तराव्या वर्षी इतके स्वच्छ डोळे मी क्वचितच पाहते. मोतीबिंदूचा मागमूस नाही. ज्यांनी पाठवलं त्यांना तसं कळवते."

मी मराठीत सांगायची गरजच पडली नाही, आईंना सगळं कळलं होतं. त्यांचा चेहरा असा खुलला, आणि लगेच उतरला. त्यांनी डॉक्टरीणबाईंचा पेन धरलेला हात दोन्ही हातांनी पकडला. "बाई, तेवढं लिहू नका हो. एकाच्या जिवाचा प्रश्न आहे."

आता हे इंग्रजीत मलाच सांगावं लागलं. मी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला आणि काळजीने विचारलं, "कोण आजारी आहे? घरचं कुणी?"

मी आईंकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "घरचाच आहे."