मंडईआधीच्या सांजेचा गंज

सन पंचावन्न. मी तेवीस वर्षांचा होतो, लग्न त्याच वैशाखात झालेलं, आणि घरात दोन दिवसांपासून कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. माझ्या बायकोला मंडईला माहेरी जायचं होतं आणि माझा बाप तिला जाऊ देत नव्हता.

ज्याला आमच्याकडची मंडई माहीत नाही त्याला सांगतो. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. आज एका गावाची, परवा दुसऱ्याची. दिवसा बाजार, रात्री दंडारीचा खेळ नाहीतर नाटक. त्या दिवशी गावच्या साऱ्या लेकी माहेरी येतात. जी येत नाही तिच्या मायला बायका विचारतात, "काऊन वो, तुझी पोरगी नाही आली? सासरचे धाडत नाहीत का?" आणि लग्नानंतरची पहिली मंडई तर कोणी चुकवतच नाही. बायकोचं माहेर कामठ्याला आणि आम्ही कुडव्याचे. तेव्हाचा कुडवा म्हणजे चहूकडून धानाच्या बांध्या आणि मधे घरं. बैलगाडीनं सकाळी निघालं तर दुपारपर्यंत कामठा येत होतं.

बाप काही वाईट माणूस नव्हता. पण अडचण खरीच होती. भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या धानाची कापणी सुरू होती, आम्ही तिघं भाऊ आणि बाप दिवसभर वाकून कापत होतो. घरी यायचो ते भुकेनं पेटलेले. आणि माझ्या मायचा हात मोडला होता. खळ्यात बैलाच्या दोरात पाय अडकून ती पडली, गावातल्या हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधून दिल्या आणि महिनाभर हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं. म्हणजे चुलीला बाई एकच, माझी बायको.

त्यात आणखी एक गोष्ट होती, ती बायकोच्या मनाला जास्त लागलेली.

आमच्याकडे गंजाच्या, म्हणजे भाताच्या पातेल्याच्या बुडाला जी करपट कुरकुरीत खरवड लागते, ती बापाची. भात असो की खिचडी, माय ती सराट्यानं खरवडून काढायची आणि शेवटी बापाच्या ताटात वाढायची. बाप ती कडाकडा चावून खायचा आणि मग उठायचा. नवीन सून आली तेव्हा मायनं पहिल्याच दिवशी तिला हे शिकवलं होतं. पण दसऱ्यापासून बाप खरवडीला हात लावत नव्हता. ताटात तशीच ठेवायचा आणि तिच्यावरच पाणी ओतून हात धुवायचा. तोंडानं एक शब्द नाही. बायकोनं भात कमी शिजवून पाहिला, जास्त शिजवून पाहिला, खरवडीवर तेल सोडून पाहिलं. रोज तेच.

एकदा वाडीत भाजी तोडताना ती बापाबद्दल मला म्हणाली, "मामाजीले माझ्या हातचं आवडून नाही राहिलं. म्हणूनच धाडत नाहीत मले."

मी म्हटलं, "तसं काही नाही."

"मग कसं आहे ते सांगा."

मी एक वांगं तोडून तिच्या टोपलीत टाकलं.

तर त्या दिवशी दुपारी तिचा मोठा भाऊ गाडी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीला घेऊन परत निघायचं, मंडई परवावर आलेली. आम्ही वावरातून आलो तेव्हा तो ओसरीवर बसलेला होता. बापानं त्याला राम राम केला, पाणी विचारलं, आणि मग सरळ सांगितलं, "पाहुणे, तुम्ही आले, राहा, जेवा. पण पोरगी नाही येत. चूल कोन पेटवन?"

मी म्हणालो, "मी."

धाकटे दोघं भाऊ हसले. पाहुणाही हसला असता, पण पाहुणा होता म्हणून त्यानं मिशी पुसली.

बाप म्हणाला, "तू?"

"जागलीत रोज कोन रांधते? मीच ना?"

ते खोटं नव्हतं. धान भरायला लागलं की रानडुकरं येतात, म्हणून आम्ही वावरात मचाण बांधून रात्री जागलीला राहायचो. तिथं एकच गंज. त्यात तांदूळ, लाखोरीची दाळ, असेल ती भाजी, मीठ, मिरची, सारं एकदमच. आजूबाजूच्या वावरातले जागलेही माझ्या मचाणाखाली येऊन बसायचे. शाळेत मी दुसरीच्या पुढे गेलो नाही, पण माझ्या गंजाला नाव ठेवणारा मला भेटला नव्हता.

बापानं मला वरून खाली पाहिलं. मग म्हणाला, "ठीक आहे. आजचं जेवण तू कर. सूनबाईनं चुलीजवळ जायचं नाही. माझं ताट साफ झालं त सकाळी गाडी कामठ्याले जाईन. ताटात उरलं त पाहुणे एकटे जातीन."

माय खाटेवरून म्हणाली, "हे काय बोलणं होय?"

"माझं बोलणं होय," बाप म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.

बायकोकडे पाहिलं तर तिचा चेहरा उतरलेला. तिला माहीत होतं, रोज ताटात काय उरतं ते. मला मात्र आतून बरं वाटलं. काम पुढ्यात आलं की मला बरंच वाटतं.

मी वाडीत गेलो. कुंपणावर पोपटाचा वेल होता, म्हणजे त्या चपट्या हिरव्या शेंगांचा. त्या ओटीभर तोडल्या. चार वांगी, दोन भेदरं म्हणजे टमाटे, आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. पोपट सोलायला बायकोला दिला. ती उंबरठ्यात बसली, चुलीपासून दूर. बापाचं बोलणं तिनं अक्षरशः पाळलं. मी पितळी गंज मांडला. जवसाचं तेल तापवलं, त्याचा वास उठला, लसूण टाकला, लाल मिरच्या मोडून टाकल्या. पाहुणा ओसरीवर खोकायला लागला तेव्हा मला कळलं की फोडणी बरोबर झाली. वांगी, पोपट, भेदरं, मग धुतलेली दाळ, मग टोपलीतला तांदूळ. जागलीतल्यासारखंच तांदळावर बोट उभं धरलं आणि दोन पेरं पाणी आलं की थांबलो. वर झाकण.

थोड्या वेळानं झाकण काढलं तर दाणा दिसेना. साऱ्याची पेज झालेली. सराटा उभा केला तर तो हळूच आडवा झाला.

मायनं खाटेवरून विचारलं, "पानी किती टाकला?"

"दोन पेरं."

"तांदूळ कोनता घेतला?"

"टोपलीतला."

"बाबू, तो नवा तांदूळ होय. हलक्या धानाचा. परवाच कांडला. नवा तांदूळ पानी पीत नाही."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. जागल असते ती कापणीच्या आधी. घरात तेव्हा नेहमी गेल्या सालचा जुना तांदूळ. नवा तांदूळ घरात येतो तोवर जागल संपलेली असते. म्हणजे एवढी वर्षं मी रांधलं, पण नव्या तांदळाची आणि माझी भेटच झाली नव्हती. आजही मी म्हणतो, पाणी मी बरोबरच टाकलं होतं. तांदूळ चुकला.

मी चुलीतली लाकडं भराभर बाहेर ओढली आणि गंज नुसत्या निखाऱ्यांवर ठेवला.

सासऱ्यासमोर सून बोलत नाही, हा आमच्याकडचा रिवाज. बाप ओसरीवर येऊन बसला होता. म्हणून बायको पोपटाची टरफलं गोळा करत भावाशी बोलायला लागली, चांगल्या मोठ्या आवाजात.

"काऊन रे दादा, आपल्या मायचा भात असा गिजगा झाला त ते काय करे?"

भाऊ हुशार. तो म्हणाला, "मले वाटते, झाकण उघडं ठेवे."

"अन् हलवे का रे?"

"हलवे बहुतेक. नाही हलवे. तू सांग, तुले काय याद येते?"

बाप म्हणाला, "पाहुणे, तुमच्या बहिणीले सांगा, चुलीजवळ जायचं नाही म्हटलं. त्यात तोंडही आलं."

"सांगतो मामाजी," पाहुणा म्हणाला आणि बहिणीकडे वळून म्हणाला, "तोंडही आलं वो."

माझे भाऊ इतके हसले की एकाला ठसका लागला. मायही हसली आणि मग हात दुखला म्हणून कण्हली. मी मात्र हललो नाही. झाकण उघडं ठेवलं, मूठभर सांबार चिरून टाकला, वरून आणखी एक लसणाची फोडणी ओतली. धाकटा भाऊ आत डोकावून म्हणाला, "हे काय केलं? खिचडी होय की आंबील?"

"मले असंच करायचं होतं," मी म्हणालो.

ताटं मांडली. गड्यांची पंगत बसली, बाप, पाहुणा, दोघं भाऊ. मी वाढायला. बापाच्या ताटात पहिला सराटा टाकला तसा तो घट्ट पिठल्यासारखा पसरला, मधे पोपटाचे हिरवे दाणे आणि वांग्याच्या फोडी, पार लोण्यासारख्या. जवसाचं तेल कडेनं चमकत होतं. बापानं पाहिलं. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मी उभाच.

पाहुणा म्हणाला, "भाऊजी, तिखट जोरात आहे."

"पाणी प्या," मी म्हणालो.

बापानं ताट पुढे केलं. मी वाढलं. पुन्हा पुढे केलं. भाऊ एकमेकांकडे पाहायला लागले. बाप असा जेवत होता की जसा दसऱ्यापासून उपाशी असावा. कपाळावर घाम, नाकातून पाणी, पण हात थांबत नव्हता.

मग शेवटी त्यानं विचारलं, "खरवड?"

बायको दाराआड उभी होती, तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला. मी गंज उचलून आत पाहिला. निखाऱ्यांवर ठेवलेला, आणि पाणी एवढं, बुडाला काही लागलंच नव्हतं. सराटा फिरवला तर चकचकीत पितळ.

"नाही लागली," मी म्हणालो.

बापानं बोटानं ताट पुसलं, कडेपासून मधोमध, जसं लहान पोर पुसते, आणि बोट चाटलं. ताटात एक दाणा नाही. मग तांब्या उचलला आणि हात धुवायला अंगणात निघाला.

मायनं खाटेवरून त्याला अडवलं. तीस वर्षांचा संसार होता तिचा, उगाच नाही. म्हणाली, "इकडे या. तोंड उघडा."

"कायले?"

"उघडा म्हटलं ना."

"पाहुणे बसले आहेत."

"पाहुण्याले बी दात आहेत. उघडा."

बापानं तोंड उघडलं. मायनं कंदील जवळ आणायला लावला. डाव्या बाजूच्या दोन दाढा गायब, आणि उजवीकडची एक हलत होती.

"कधी पडल्या?"

"दसऱ्याले. सुपारी फोडत होतो."

"अन् सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही विचारलं काऊन नाही?"

मायनं कंदील बाजूला सारला. मग बाप स्वतःच म्हणाला, "त्या शेजारच्या बुढ्याले वर्षभर बोळका म्हणून चिडवलं मी. आता कोन्या तोंडानं सांगू?"

"उरलं तेवढ्या तोंडानं," माय म्हणाली.

मग कोणी आवरलं नाही. पाहुणा आधी हसला, त्याच्या मागून माझे भाऊ, मग मी. बाप कोणाकडे न पाहता अंगणात जाऊन चूळ भरत राहिला, जरा जास्तच वेळ. त्याचेही खांदे हलत होते. दाराआड बायको पदर तोंडावर धरून हसत होती आणि हसता हसता डोळे पुसत होती. दसऱ्यापासून तिनं त्या खरवडीपायी किती जीव जाळला होता ते तिलाच ठाऊक.

मग मायची आणि तिची पंगत बसली. गंजात चार सराटे उरले होते, ते मी दोघींना वाढले. तिनं पहिला घास खाल्ला आणि हळूच मला विचारलं, "खरंच तुम्हाले असंच करायचं होतं?"

"मग काय," मी म्हणालो.

बाप अंगणातून आला आणि पाहुण्याला म्हणाला, "बैलांना चारा जास्तीचा टाका. सकाळी दूर जायचं आहे." एवढंच. जेवण चांगलं होतं की वाईट, ते तो बोलला नाही, मरेपर्यंत बोलला नाही. मीही विचारलं नाही. ताट बोललं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गाडी जुंपली. बायकोनं नवं हिरवं लुगडं नेसलेलं, मांडीवर मायनं दिलेली पोह्यांची पुरचुंडी. ती सासूच्या पाया पडली, सासऱ्याच्या पाया पडली. बाप म्हणाला, "नाटक पाहून मगच ये." गाडी वळणावर पोचली तेव्हा तिनं भावाला म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, कारण ते माझ्यासाठीच होतं, "दादा, तुझ्या भाऊजीले सांग, नव्या तांदळाले एकच पेर पाणी."

मी घरात आलो, चूल पेटवली, गंज मांडला, टोपलीतला तोच नवा तांदूळ धुऊन घेतला, आणि बोट उभं धरून दोन पेरं पाणी ओतलं.