डोक्यावरचा राग

मला आयुष्यात सर्वांत जास्त राग आणणारा माणूस अक्षरशः आमच्या डोक्यावर राहत होता. ईरा, निहार, परवा व्हिडिओवर तुम्ही दोघं कानात बोंडं घालून अभ्यास करत होता. मी विचारलं, तर म्हणालात, "आजी, गाणी नाहीत गं, सिनेमाचं नुसतं म्युझिक आहे. त्याने छान लक्ष लागतं." तेव्हा तो जुना राग पुन्हा तळपायापासून मस्तकापर्यंत गेला. म्हणजे हा आजार त्या गृहस्थांबरोबर संपला नाही तर! तो समुद्र ओलांडून माझ्याच नातवंडांच्या कानांत शिरला.

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत त्यांना नाव होतं, हुद्दा होता. आमच्या घरात ते फक्त 'वरचे'. जन्मभर त्यांनी एका मंत्रालयात इंग्रजी परिपत्रकांचं हिंदी केलं आणि निवृत्त झाल्यावर मराठी कादंबरी लिहायला घेतली. "वहिनी, आजवर दुसऱ्यांची वाक्यं इथून उचलून तिथे ठेवली. मरायच्या आधी एक गोष्ट माझी स्वतःची," असं ते म्हणायचे. इच्छा उत्तम होती. पण लिहायला बसलं की त्यांना मागे सिनेमाचं पार्श्वसंगीत लागे. गाणं चालत नसे, कारण गाण्यातले शब्द ऐकले की म्हणे त्यांचे शब्द रुसून बसत. त्यासाठी ते टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसत आणि पाठलाग, ताटातूट, वादळ असं जे वाजेल ते कॅसेटवर भरून घेत. त्यात घरातलं बाकी सगळंही भरलं जाई. नायिका घर सोडून निघाली, व्हायोलिनं रडायला लागली, की मध्येच कुकरची शिट्टी व्हायची आणि खालून हाक यायची, "भिंडी ले लो!" मी म्हटलं, निदान ती शिट्टी तरी पुसा. तर म्हणाले, "छे, छे. शिट्टी झाल्याशिवाय माझा परिच्छेद संपत नाही."

मी इंग्रजीची शिक्षिका. माझ्या घरात प्रत्येक गोष्टीला वेळ आणि जागा ठरलेली, आणि वह्या तपासताना टाचणी पडली तरी ऐकू यायला हवी. पहिल्यांदा तावातावाने वर गेले तेव्हा त्यांच्या पत्नीने दार उघडलं. त्या पंजाबी; मराठी थोडंफार, नवऱ्याकडून ऐकून ऐकून शिकलेल्या. मी म्हटलं, "मला फार राग आला आहे." त्यांचा चेहरा उजळला. "अच्छा? आपको राग आता है, दीदी? कौन सा?" आणि लगेच आत हाक, "अजी सुनते हो, नीचेवाली दीदी गाती हैं!" भांडायला गेलेली मी, मला सोफ्यावर बसवलं, चहा दिला, आणि आता गा म्हणून समोर बसल्या. वरचे कानावर पेन खोचून बाहेर आले. त्यांना एका क्षणात सगळं कळलं आणि हा सभ्य दिसणारा माणूस बायकोला म्हणतो, "इन्हें एक ही आता है, मगर चौबीसों घंटे." मला इतका राग आला की मी चहा पिऊनच खाली आले. त्यानंतर जिन्यात भेटले की त्यांचा एकच प्रश्न: "काय वहिनी, आज कुठला?"

त्याहून संतापजनक म्हणजे मला छतातून कादंबरी कळायला लागली. तुताऱ्या वाजल्या की खलनायक आला, बासरी वाजली की समेट झाला. एकदा मात्र कित्येक दिवस तीच रडकी व्हायोलिनं, तीच शिट्टी, तीच भेंडी. शेवटी लाटणं हातात घेऊनच वर गेले. "किती दिवस मारताय हो त्या बाईला? एकदाची मारा, नाहीतर उठवून बसवा!"

"मरत नाहीये, वहिनी. घर सोडून निघालीये. उंबरठ्यावर उभी आहे. मागे वळेल की नाही, तेच मला कळत नाहीये."

"मग विचारा तिला."

"तेच तर रोज विचारतोय. तुम्हाला ऐकू येतंय ना?"

मग सोसायटीत नवे सेक्रेटरी आले आणि त्यांनी टेप बंद करवला. कानात घालायचं काहीतरी आणा म्हणाले. वरच्यांनी आणलं, आणि पुढे त्यांच्या हातून ओळ म्हणून उतरली नाही. "हे डोक्याच्या आत वाजतं, वहिनी. मला ते पाठीशी लागतं," ते म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी कुठला ते विचारलं नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत टेपचा विषय निघाला, तेव्हा सेक्रेटरी मला म्हणाले, "मॅडम, सबसे ज़्यादा परेशान तो आप हैं. आप ही बोलिए." मी उठले. रागावले की माझ्या हिंदीत मराठी घुसते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी कडाडले, "राग मुझे आता है! रोज़ आता है! आप लोगों को क्या तकलीफ़ है?" सेक्रेटरींनी हात जोडले. "अरे, मॅडम का रियाज़ चलता है? पहले बतातीं ना!" तुमचे आजोबा रुमालात तोंड खुपसून हलत होते. चार ते सहा वाजवायची परवानगी मिळाली. वेळापत्रक अर्थात मी करून दिलं.

आणि इतकं करून हा माणूस एका हिवाळ्यात गेला. ती बाई तशीच उंबरठ्यावर उभी. असं कुणी करतं? जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं वेळेवर पुरी केली आणि स्वतःचं एक अर्धवट टाकलं! चार वाजले की मी वर बघायची. हवी होती ती शांतता मिळाली होती, आणि त्या शांततेत मला तुम्हाला चार ओळीसुद्धा लिहिता येईनात. एके दिवशी वर जाऊन दार बडवलं. त्यांच्या पत्नीने उघडलं.

"राग आया, दीदी?"

"आया."

या वेळी कुठला, ते त्यांनी विचारलं नाही. आत गेल्या आणि टेपचं बटण दाबलं.

आता रोज चारला वर तेच लागतं आणि खाली मी तुम्हाला लिहायला बसते. हे लिहितानाही चालू आहे, आवाज नेहमीसारखाच फार मोठा. शिट्टी झाली; आता भेंडीवाला येईल. तेव्हा ती बोंडं आधी कानांतून काढा. मोठ्याने लावा. तुमच्या खालीही कुणीतरी राहत असेलच. चिडून वर आलं, तर आत बोलवा, चहा द्या, आणि विचारा, कुठला.