ॲपमध्ये बिघाड नव्हता

पुण्यातली नोकरी सोडून मी नांदेडला आले ती आईच्या गुडघ्यांमुळे. दोन्ही ऑपरेशनं झाली, आई काठी टेकत गच्चीवर जायला लागली, तरी मी परत गेले नाही. घरूनच कामं घेत राहिले. तरोड्याच्या आमच्या घराची पुढची खोली ऑफिस झाली. एक टेबल, एक इन्व्हर्टर आणि कूलर. कूलरचा आवाज इतका, की मीटिंग असली की तो बंद करायचा आणि घाम पुसत बोलायचं.

बियाण्यांच्या एका कंपनीचं काम ओळखीतून मिळालं. मुख्य ऑफिस लातूरला, शाखा उदगीर, निलंगा, अहमदपूर अशा ठिकठिकाणी. फोनवरचे खाजगी ग्रुप बंद करून कंपनीनं ऑफिसच्या कामासाठी म्हणून चॅटिंगचं एक वेगळं सॉफ्टवेअर घेतलं होतं. पण माणसं तीच, त्यामुळे गोंधळही तोच. 'उदगीर टीम' असा एक ग्रुप, मग 'उदगीर टीम नवीन', मग 'उदगीर टीम फायनल', आणि 'उदगीर टीम, सर सोडून' असाही एक. नवीन लागलेल्या माणसाला महिना महिना कुणी ग्रुपमध्ये घेत नसे आणि सोडून गेलेला तसाच आत बसलेला असे.

लातूरच्या ऑफिसात माणसांचं खातं बघणारे एक साहेब होते. पन्नाशीचे, सतत डोळे चोळणारे. त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, "आमचा एक माणूस दुसऱ्या कंपनीत गेला. तिथं बसून तो आमच्या विक्रीच्या भावाच्या ग्रुपातले दर वाचत होता. तेव्हा मला हे नीट करून पाहिजे. नोकरी लागली की ॲपनं माणसाला योग्य ग्रुपात घालावं, बदली झाली की हलवावं, नाव बंद झालं की लगेच बाहेर. कुणाच्या हातात काही ठेवू नका."

काम सांगायला सोपं होतं. करायला घेतलं तेव्हा माझा जीव गेला. ॲप ज्या ग्रुपचं ॲडमिन नसेल तिथं त्याला काहीच करता येत नसे, आणि निम्म्या ग्रुपांचे ॲडमिन कंपनी सोडून गेलेले. मग त्या प्रत्येक ग्रुपसाठी कुणाला तरी फोन. घाईनं एकामागून एक माणसं घालायला गेलं तर सॉफ्टवेअर मध्येच थांबवून टाकी. पुन्हा थोडं थांबायचं, पुन्हा सुरू करायचं. मी प्रोग्रामर कमी आणि टेलिफोन ऑपरेटर जास्त झाले होते. कुणी म्हणे, "मॅडम, ह्यो ग्रुप बंद नका करू, ह्यात आमच्या साहेबांच्या पोरीच्या लग्नाचे फोटो हायेत." कुणी विचारी, "ते ॲप आमचं बोलणं वाचतं का?" नाही वाचत, असं मी इतक्यांदा सांगितलं की शेवटी मलाच ते खोटं वाटायला लागलं.

अधूनमधून लातूरला जावं लागे. लोहा, अहमदपूर करत एसटीतून. रस्त्याचं काम कुठे ना कुठे चालूच. संध्याकाळी घरी आलं की आई विचारायची, "एवढं काय करून राहिलीस गं?" मी म्हणायची, "माणसं ह्या खोलीतून त्या खोलीत नेऊन बसवते." तिला ते पटायचं. घरकामासारखंच आहे म्हणायची, संपत नाही आणि दिसतही नाही.

पेरण्यांच्या आधी ॲप चालू झालं. सुरुवातीला लोकांना काही अडलं तर विचारायला माझाच नंबर दिला होता. आधी खूप फोन आले, मग कमी झाले. ॲप आपल्या आपण चालत होतं. नवी माणसं आत येत होती, बदलीवाले हलत होते. साहेबांनी एकदा नुसता अंगठा पाठवला. त्यांच्याकडून ते पुष्कळ होतं.

पेरण्या आटोपल्या, बियाणं विकून झालं, सोयाबीन गुडघ्याला आलं. त्या सुमाराला एका दुपारी फोन वाजला.

"हॅलो, ॲपवाल्या मॅडम का?"

"हो, बोला."

"मी उदगीरच्या शाखेचा फिल्डचा माणूस बोलून राहिलो. मॅडम, तुमचं ॲप बिघडलंय बघा. मला एकेका ग्रुपातून भाईर काढून राहिलंय."

मागे वारा होता आणि कुणीतरी बोलत होतं. तो देवणीकडच्या एका शेतात उभा होता. तिथल्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला होता, पानं पिवळी पडून आकसत होती. गेल्या काही हंगामांत त्यानं अशा रोगांचे फोटो काढून पिकांच्या ग्रुपात टाकून ठेवले होते. शेतकऱ्याला ते दाखवावेत म्हणून त्यानं मोबाइल उघडला, तर ग्रुपच नाही.

"आधी वाटलं रेंज गेली," तो म्हणाला. "मंग बघतो तर दुसराबी गेला, तिसराबी गेला. माझ्या डोळ्यांदेखत. मी तर काही दाबलं न्हाई."

मी त्याचं नाव विचारलं आणि समोरच्या पडद्यावर बघितलं. बिघाड नव्हता. थोड्याच वेळापूर्वी लातूरहून त्याचं नाव बंद झालं होतं. कारणाच्या जागी लिहिलं होतं, हंगामी करार समाप्त. ॲपनं जे करायचं ते केलं होतं. त्याला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं.

"मॅडम, लाइनवर हाव ना?"

"हो. मी बघून सांगते."

"हाव, बघा. घाई न्हाई. पर तेवढ्या पिकाच्या ग्रुपात लवकर घ्या. शेतकरी समोर उभा हाय."

मी उदगीरच्या शाखेतल्या मॅनेजरांना फोन लावला. साठीला आलेला सावकाश बोलणारा माणूस, मला ताई म्हणायचा. मी झालेलं सगळं सांगितलं.

"ताई, काढायचं हे मला कालच कळलं," ते म्हणाले. "शनिवारी त्याच्या घरी जाणार होतो मी. त्याला मीच लावलं होतं कामाला. फोनवर कसं सांगायचं असं? दरवेळी मी घरी जातो, चहा पितो, मग सांगतो. ग्रुपातून काढायचं ते मागून, निवांत. आजच काढतील असं कुठं वाटलं मला?"

"तो शेतात उभा आहे, काका. ॲप बिघडलंय म्हणतोय."

"मी निघतो. मी पोचेपर्यंत त्याला काही सांगू नका."

नंतर लातूरला साहेबांना फोन केला. ते जेवत असावेत. "ॲप बरोबर चालतंय ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग झालं की. सांगायचं काम शाखेचं."

मी खुर्चीत तशीच बसून राहिले. आई आतून जेवायला ये म्हणाली, मी आलेच म्हटलं आणि उठले नाही. उदगीरहून देवणी फार लांब नाही, पण मधला वेळ जाता जात नव्हता. फोन पुन्हा आला. घ्यावा की नाही असं वाटलं, पण नाही घेतला तर तो पुन्हा करणार, आणि पुन्हा नाही घेतला तर त्याला दुसऱ्याच कुणाकडून कळणार.

"मॅडम, झालं का?"

खोटं बोलायचं म्हणजे काय बोलायचं हेही सुचेना. मी म्हटलं, "दादा, ॲपमध्ये बिघाड नाही."

"मंग?"

"तुमचे मॅनेजर साहेब तुमच्याकडे यायला निघालेत."

पलीकडे शेतकरी लांबून काहीतरी विचारत होता, त्याला ह्यानं थांबा म्हटलं असावं.

"हाव," तो म्हणाला. "आलं ध्यानात." आणि मग, "मंग आता ह्यांना काय सांगू? हे पानं घेऊन उभे हायेत."

"जे सांगत होतात तेच सांगा," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढचं मला मॅनेजरकाकांकडून कळलं. ते मोटारसायकलवर पोचले तेव्हा हा अजून शेतातच होता. रोगट झाडं उपटून एका बाजूला टाकत होता, शेतकरीही त्याच्या मागे मागे उपटत होता. कोणती फवारणी कधी करायची ते सगळं त्यानं सांगून ठेवलं होतं. मग दोघं बांधावर बसले. काकांनी बोलायला तोंड उघडलं तर तोच म्हणाला, "राहू द्या साहेब, कळलं मला." शेतकऱ्यानं घरून चहा मागवला. त्याला शेवटपर्यंत कुणी काही सांगितलं नाही. काका म्हणाले, "एवढी वर्षं माणसं लावली, काढली, ताई. पण मी पोचायच्या आधी माझं काम कुणी करून टाकलं नव्हतं कधी."

त्या आठवड्यात मी लातूरला गेले. साहेबांच्या टेबलासमोर बसून म्हटलं, ह्यात एक पायरी घालू या. नाव बंद झालं की आधी शाखेच्या मॅनेजरला निरोप जाईल. माणसाला सांगितलं, असं त्यांनी बटण दाबलं की मगच ॲप त्याला बाहेर काढेल.

साहेबांनी डोळे चोळले. "आणि तोपर्यंत तो भाव वाचत बसला तर?"

"भावाच्या ग्रुपातून लगेच काढू. बाकीच्यांतून सांगितल्यावर."

"मॅडम, मलाही वरून फोन येतात," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "ह्या हंगामात कितीजणांना मला काढायला लावलं, ते तुम्हाला माहीत नाही. त्यातला एकेक चेहरा मला माहीत आहे. म्हणून तर मी म्हणत होतो, सगळं मशीननंच करावं."

पुन्हा डोळे चोळून ते म्हणाले, "ठीक आहे. पण संध्याकाळपर्यंतच थांबायचं. संध्याकाळी ऑफिस सुटताना आपोआप निघाला पाहिजे."

मी तसं केलं. बटणावर काय लिहावं ह्यावर माझी एक दुपार गेली. शेवटी मी 'भेटून सांगितलं' असं लिहिलं. साहेबांनी ते वाचलं आणि बदलून 'कळवले' करायला लावलं. भेटणं सगळ्यांना जमेलच असं नाही, म्हणाले.

ते बटण चालू झालं. कुठली शाखा ते कधी दाबते हे मला दिसायचं. काही जण निरोप आल्या आल्या दाबून मोकळे व्हायचे. एवढ्या वेळात फोनही लागत नाही, सांगणं तर सोडाच. उदगीरहून मात्र ते नेहमी अगदी संध्याकाळी दाबलं जायचं.

दिवाळीच्या आसपास त्या माणसाचा पुन्हा फोन आला. मी नंबर ओळखला आणि उगाच उभी राहिले. तो निलंग्याला एका कृषी सेवा केंद्रात लागला होता. पगार कमी, पण बसून काम.

"मॅडम, एक विचारायचं होतं. ते माझे फोटो हायेत ना ग्रुपात, रोगाचे, किडीचे. खोडमाशी, चक्रीभुंगा, सगळे. मोबाइल बदलला तव्हा माझ्याकडचे गेले. ते भेटतील का? दुकानात लोक पानं घेऊन येतात, दाखवायला बरं पडतं."

नियमानं मिळत नव्हते. ग्रुपातलं सगळं कंपनीचं, आणि बाहेरच्या माणसाला आतलं काही द्यायचं नाही. मी साहेबांना विचारलंच नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. मी काकांना फोन केला. ते त्या ग्रुपात होते.

"कामून नाही? त्यानंच काढलेत," ते म्हणाले. त्यांना एकदम सगळे घेता येईनात, म्हणून रविवारी नातवाला मदतीला घेऊन बसून त्यांनी एकेक फोटो उघडला, उतरवून घेतला आणि स्वतःच्या फोनवरून त्याला पाठवला. त्यात काही फोटो नातवाच्या हातून चुकून दोनदा गेले, असं हसत सांगत होते. हसताना त्यांना खोकला आला.

पुढच्या उन्हाळ्यात काका निवृत्त झाले. त्यांचं नाव लातूरहून बंद झालं त्या दिवशी बटणाचा निरोप त्यांच्या जागी आलेल्या नव्या मॅनेजरला गेला. त्यानं तो लगेच दाबला. निवृत्तीचं तर सगळ्यांना माहीतच होतं, त्यात सांगायचं काय.

आता परभणीच्या एका डेअरीनं असंच ॲप मागितलंय. मी त्यांना कागदावर सगळं काढून दाखवलं. त्यांच्या ऑफिसातल्या तरुण मॅडमनी त्या बटणाच्या पायरीवर बोट ठेवून विचारलं, "हे कशाला?" मी सांगितलं, थोडक्यात. शेत, मोझॅक, चहा ह्यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. ठेवा. पण सक्तीचं नको, ज्याला पाहिजे त्यानं वापरावं."

मी हो म्हटलं. परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. पूर्णा स्टेशन यायच्या आतच मला झोप लागली.