उलट्या तोंडाची सीट

सुनेचं बाळंतपण तिच्या माहेरी, कल्याण पूर्वेला झालं. नात तीन महिन्यांची झाल्यावर तिला आमच्या घरी, ठाण्याला वर्तकनगरमध्ये आणायचं ठरलं. आमच्यात पद्धत अशी आहे की पहिल्या वेळी बाळ आजोळहून निघतं ते सासरच्या आजीच्या मांडीवरून. विहीणबाई बाळंतिणीची ओटी भरतात, बाळ उचलून आजीच्या पदरात घालतात, आणि मग आपल्या घराचा उंबरठा ओलांडेपर्यंत आजीने ते दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचं नसतं. माझ्या सासूबाईंनी मुलाला तसंच आणलं होतं. आता पाळी माझी होती. सगळे मला हौसेने विचारायचे, कोणती साडी नेसणार. मला त्या दिवसाची भीती वाटत होती.

मुलाने वर्षापूर्वी जुनी गाडी घेतली आहे. लहानशी आहे. मागे दोघं नीट बसतात, तिसऱ्याला अंग चोरावं लागतं. सून एका संध्याकाळी फोनवर त्याला म्हणाली, "बाळाला मांडीवर नाही आणायचं. तिची सीट घ्यायची. तोंड मागे करून बसवतात ना, ती. इथे आई ऐकत नाही, तू तरी ऐक."

फोन स्पीकरवर होता. माझे यजमान पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "तोंड मागे म्हणजे?"

"म्हणजे बाबा, गाडी पुढे जाते आणि बाळ मागची काच बघतं," मुलगा म्हणाला.

"कशाला? पोलिसांवर नजर ठेवायला?"

मुलगा हसला. मी पण हसले. पण रविवारी तो आम्हा दोघांना घेऊन घोडबंदर रोडवरच्या एका दुकानात गेला. दुकानात नुसतं लहान मुलांचं सामान. मला अशा ठिकाणी कुठे उभं राहावं तेच कळत नाही. मी खोक्यांजवळ उभी राहिले. खोक्यांवर सगळं इंग्रजी. मी चौथीपर्यंत शिकलेली, तीही मराठी शाळेत. पण चित्रं होती. एका चित्रात गाडी, गाडीत बाळ, आणि बाळाच्या पाठीवर लाल बाण. दुसऱ्यात बाळाचं तोंड पुढे, आणि बाण मानेवर. त्या चित्रावर फुली मारलेली होती. ते मला न वाचता कळलं. मी बराच वेळ तेच बघत राहिले.

दुकानातली मुलगी चांगली होती. म्हणाली, "काकू, सीट इथे बघून उपयोग नाही. गाडीत बसते का ते बघायचं." तिने कुठल्या पोऱ्याला न बोलावता स्वतःच सीट उचलली आणि बाहेर गाडीशी आली. बाळाच्या जागी ठेवायला तिच्याकडे रबरी बाहुली होती, पण तिला वजन नव्हतं. आम्ही येताना वाणसामान घेतलं होतं. त्यातलं पाच किलोचं पीठ मुलाने काढलं आणि सीटमध्ये ठेवून त्याला पट्टे लावले. म्हणाला, "घ्या, हीच तुमची नात."

पहिल्या सीटला गाडीचा पट्टा पुरेना. सीटच्या मागून वळवून आणला की खाचेपासून चार बोटं आधीच संपायचा. मुलाने गुडघा टेकून ओढून बघितला. ती मुलगी म्हणाली, "ओढून नाही चालत दादा. लहान गाडीत हे होतंच." दुसरी सीट बसली, पण तिची मागची बाजू एवढी उंच की तिचं बूड सरळ राहीना, डुगडुगायला लागली. तिने ती हलवून दाखवली आणि म्हणाली, "अशी हलली तर घेऊ नका." तिसरी अरुंद होती. पट्टा पुरला, हलली नाही. मात्र तिच्यासाठी पुढची सीट अगदी पुढे सरकवावी लागली. यजमानांना पुढे बसवून बघितलं तर त्यांचे गुडघे समोरच्या फळीला टेकले.

"मी काय डब्यात बसू?" ते म्हणाले. "त्यापेक्षा ती टोपली पुढे ठेवा, मी मागे बसतो."

"पुढे नाही काका," ती मुलगी म्हणाली. "पुढे एअरबॅग आहे. ती फुगली तर उलट्या सीटवर जोरात आपटते. पुढे कधीच नाही."

"मग तोंड तरी सरळ करा. पोर पहिल्यांदा स्वतःच्या घरी येणार, ती घराकडे पाठ करून?"

हे त्यांनी चेष्टेत म्हटलं नव्हतं. ती मुलगी जरा गडबडली. मग तिने बाहुली हातात घेतली आणि दाखवलं. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, मान मऊ. गाडी एकदम थांबली की तोंड पुढे असलेल्या बाळाचं डोकं पुढे फेकलं जातं. पाठ पुढे असली की सगळा भार सीटच्या पाठीवर येतो. "एवढंच आहे काका. चालायला लागली तरी उलटीच बसवा, सीटमध्ये मावेल तोवर."

"आमची पोरं मांडीवर वाढली," यजमान म्हणाले. "आजीची मांडी आहे ना. पट्टे कसले बांधता?" आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "फक्त या वेळी हिने डोळा लागू देऊ नये म्हणजे झालं."

मुलाने त्यांच्याकडे बघितलं. त्या दुकानातल्या मुलीला काही कळलं नाही. आम्ही सीट न घेता निघालो.

मी मागे बसले आणि पिठाची पिशवी मांडीवर घेतली. का घेतली ते सांगते. मला बघायचं होतं. बाळ धरतात तशी मी ती धरली, एक हात खालून, एक हात पोटावरून, छातीशी. पट्टा मी लावला नव्हता, मागे कोण लावतं? माजिवड्याच्या पुलाखाली एक बाईकवाला आडवा आला आणि मुलाने ब्रेक दाबला. गाडी जोरात नव्हती. पिशवी माझ्या हातातून सुटली, पुढच्या सीटच्या पाठीवर आपटली आणि फुटली. पायांवर, साडीवर, सगळीकडे पीठ. "एवढं पीठ धरता येत नाही?" यजमान म्हणाले. मी साडी झटकत राहिले.

आता जे लिहायचं ते मी तोवर कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

मुलाच्या आधी मला एक मुलगी झाली होती. सात महिन्यांची होती. आम्ही मुरबाडकडे एका लग्नाला निघालो होतो. तेव्हा कल्याणहून काळ्या-पिवळ्या जीप भरून जायच्या. बाळ आहे म्हणून मला पुढे जागा दिली, ड्रायव्हरच्या शेजारी. यजमान मागे होते, माणसांच्या गर्दीत, त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. रस्त्यात म्हैस आली. ड्रायव्हरने ब्रेक मारला. एवढंच. जीप कशावर आदळली नाही, उलटली नाही, बाकी कोणाला खरचटलं नाही. मुलगी माझ्या हातातून गेली आणि समोरच्या काचेखालच्या लोखंडी पट्टीवर आपटली. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात वारली.

सासूबाई तेव्हा म्हणाल्या, "उन्हाची वेळ, गाडीचा झोका, हिचा डोळा लागला असणार. नाहीतर आईच्या हातातून लेकरू सुटतं का?" आलेल्या बायका माना डोलवत होत्या. कोणी रागावून बोललं नाही. माझ्यावर दया करूनच बोलत होते. अंगावरचं लेकरू, रात्री जागरण, डोळा लागतोच, असं म्हणत होते. यजमान भिंतीशी बसले होते. त्यांनी मला कधी विचारलं नाही. पुढे कधी बसमध्ये, रिक्षात मी मुलाला घेतलं की ते एकदा तरी म्हणायचे, जागी राहा. एवढ्या वर्षांत शिवी दिली नाही, हात उचलला नाही. फक्त जागी राहा.

मी झोपले नव्हते. मी तिच्याशी बोलत होते. तिला दोन्ही हातांनी धरलं होतं, अगदी घट्ट.

मग मी तेव्हाच का बोलले नाही? एक तर मला चारचौघांत बोलताच येत नाही. पण तेवढंच कारण नव्हतं. झोपले होते म्हटलं तर निदान जागी असते तर ती वाचली असती, असं म्हणता येत होतं. जागी होते म्हटलं तर काय राहतं? माझे हातच पुरले नाहीत, एवढंच. त्यापेक्षा मला झोपेचा बोल सोपा वाटला. तो मी घेतला आणि घेऊन बसले.

पुढच्या पाच दिवसांत सगळं मांडीच्या बाजूने ठरत गेलं. विहीणबाईंचा फोन आला. "उलटी सीट म्हणे! आमची ही मोबाइल बघून बघून डॉक्टर झाली आहे. विहीणबाई, मी बाळ तुमच्या पदरातच घालणार हो, टोपलीत नाही." मी हो हो म्हटलं. मुलगा म्हणाला, "या वेळी मांडीवर आणू. नंतर सीट घेऊ. कशाला सगळ्यांची नाराजी?" सुनेने मला वेगळा फोन केला. रडत होती. "आई, ते तुमचं ऐकतील. शीळफाट्याला केवढे कंटेनर असतात. तुम्ही एकदा बोला ना."

"बघू," मी म्हटलं. मला माझीच लाज वाटली. बाळाला आणायला जायला एकच दिवस राहिला होता.

शनिवारी सकाळी बापलेक चहा घेत होते. मुलगा म्हणाला, "उद्या दहाला निघू. आई, तू मागे, डाव्या बाजूला बस."

मी दारातच उभी होते. म्हटलं, "मी तिला मांडीवर घेणार नाही."

"म्हणजे?"

"सीट आण. नाहीतर मी येत नाही."

यजमान म्हणाले, "हिला आता काय झालं? सुनेने शिकवलं वाटतं."

"परवा पीठ सुटलं तेव्हा मी जागी होते," मी म्हटलं. "दोन्ही हातांनी धरलं होतं. मुद्दाम धरलं होतं."

"बरं मग?"

"तेव्हापण जागी होते. जीपमध्ये. मी झोपले नव्हते. तशीच धरली होती तिला, दोन्ही हातांनी. तरी गेली."

मुलाला बहीण होती आणि ती लहानपणी गेली, एवढंच ठाऊक होतं. तो एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघत राहिला. यजमानांनी कप खाली ठेवला.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. मला त्यांना दुखवायचं नव्हतं. ते उठले, चप्पल घातली आणि खाली गेले. दुपारी जेवायला आले, पण पानात वाढलेलं तसंच राहिलं. तोवर मुलगा ती अरुंद सीट घेऊन आला होता. दुकानातल्या त्या मुलीने पट्टा कसा वळवायचा त्याचा व्हिडिओ काढून दिला होता. त्याने खाली जाऊन तीनदा सीट लावली, तीनदा काढली. मी गॅलरीतून बघत होते. यजमानही बघत होते, दुसऱ्या खिडकीतून.

रविवारी विहीणबाईंनी ओटी भरली आणि बाळ माझ्या पदरात घातलं. मी तिला जिन्यावरून खाली आणलं आणि सुनेने तिला सीटमध्ये ठेवून पट्टे लावले. "आजीची मांडी मोकळी आणि पोर प्लास्टिकमध्ये," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्या वेळी असलं पाप नव्हतं." सून माझ्याकडे बघायला लागली. माझं बोलून संपलं होतं.

पुढची सीट सगळी पुढे सरकवलेली होती. यजमान तिच्यात गुडघे मुडपून बसले. डबा वगैरे काही म्हणाले नाहीत. मी मागे मधोमध, एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला नात. तिचं तोंड माझ्या बाजूला वळलेलं होतं. काटई नाक्यापर्यंत ती जागी होती, मग झोपली. सुनेने माझ्या कमरेचा पट्टा शोधून लावून दिला. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. नात घरी येत होती, सुखरूप होती. मला फक्त एवढंच वाटत होतं की तेव्हा असं काही असतं तर. आणि मग वाटत होतं की असतं तरी त्या जीपमध्ये कोणी लावू दिलं असतं?

मुंब्रा बायपासला गाड्या तुंबल्या. मुलाने इंजिन बंद केलं. आजूबाजूला नुसते ट्रक. मग यजमानांनी, मान न वळवता, विचारलं.

"ती रडली का गं? तेव्हा?"

मुलाने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घेतली.

"नाही," मी म्हटलं. "मी तिला बाहेरच्या बकऱ्या दाखवत होते. ती हसत होती."

त्यांनी मान हलवली. नंतर बराच वेळ ती हलतच राहिली, हळूहळू, होकार द्यावा तशी. मागून मला फक्त त्यांचं डोकं आणि एक कान दिसत होता. पुढचा ट्रक सरकला. मुलाने गाडी सुरू केली, आणि अगदी सावकाश पुढे घेतली.